महाकालची वाट दीवकडे. गोव्याने घ्यावा तो धडा

उज्जैनसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाला बेताच्या खर्चात बेटावरचा किनारा पाहायचा असेल, तर पर्याय मोजकेच उरतात. अंदमानला जाण्यासाठी विमान किंवा चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणम येथून निघणारे जहाज. त्या जहाजातच तीनेक दिवस जातात. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो आणि कोची गाठावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या वादानंतर लक्षद्वीपचे नाव घरोघरी पोहोचले, पण तेथील राहण्याची सोय मर्यादितच आहे. मग उरते दीव.

दीवचे बेट पुलांनी सौराष्ट्राशी जोडलेले आहे. जबलपूर-सोमनाथ एक्स्प्रेस उज्जैनवरून जाते. एक रात्र आणि पुढच्या दिवसाचा मोठा भाग शयनयान डब्यात काढला की सोमनाथ येते. तेथून दीव रस्त्याने ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. म्हणजे महाकालेश्वराच्या नगरीतून निघालेले कुटुंब दुसऱ्या ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन नागवा किनाऱ्यावर पोहोचते. बेटावर समुद्राच्या लाटांत पाच शिवलिंगे असलेले गंगेश्वराचे स्थानही आहे. तीर्थाटन आणि सहल एकाच तिकिटात बसतात, विमानाचा खर्च वाचतो आणि बेट लहान असल्याने फिरण्यावर फारसे पैसे जात नाहीत.

नियोजनात दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे तारीख ठरताच तिकीट काढणे श्रेयस्कर. महाशिवरात्र व श्रावणात सोमनाथला, तर दिवाळीच्या सुट्टीत दीवला गर्दी उसळते. दारूबंदी असलेल्या गुजरातच्या शेजारामुळे दीवकडे वळणारा एक वर्ग वेगळाच आहे. कुटुंबासह जाणाऱ्यांनी सुट्टीचे दिवस टाळून आठवड्याच्या मधले दिवस निवडलेले बरे.

गोमंतकीयांना यात आपलेपणा वाटावा असे बरेच आहे. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य होईपर्यंत दीव आणि गोवा एकाच केंद्रशासित प्रदेशाचे भाग होते. उज्जैनचे महाकालेश्वर मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांच्या पुढाकाराने. नाते जुने आहे. प्रश्न आजच्या हिशेबाचा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुला झाल्यापासून उज्जैन देशाच्या पर्यटन नकाशावर ठळक झाले असून २०२८ मध्ये तेथे सिंहस्थ भरेल. गोवा सरकारही 'एकादश तीर्थ'च्या माध्यमातून मंदिरे पाहणाऱ्या पर्यटकाला साद घालत आहे. उज्जैनचे कुटुंब नेमके याच वर्गातले. मात्र ते अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठून कोकण रेल्वेने थिवी वा मडगावला उतरले, तरी त्याचा खरा खर्च स्थानकाबाहेर सुरू होतो. किनारा एका टोकाला, मंदिर दुसऱ्या टोकाला, मध्ये टॅक्सीचे भाडे. कदंबची बस मुख्य शहरांदरम्यान सोयीची आहे, पण सामान आणि वृद्ध आईवडिलांसह चार जणांना किनाऱ्यापर्यंत नेण्यास ती पुरत नाही.

'कमी खर्च करणारे पर्यटक नकोत' हा सूर गोव्यात अधूनमधून ऐकू येतो. रस्त्यावर स्वयंपाक करणाऱ्या, कचरा टाकून जाणाऱ्या बेशिस्त टोळ्यांबाबत तो रास्तही आहे. पण काटकसर आणि बेशिस्त या दोन भिन्न गोष्टी आहेत. काटकसरी कुटुंब छोट्या खाणावळीत जेवते, घरगुती निवासात राहते, फोंड्याच्या बाजारातून काजू घेते. त्याचा पैसा थेट गावात मुरतो. त्याला परवडणारी, दर निश्चित असलेली वाहतूक मिळाली नाही, तर पाहुणा दुसऱ्या किनाऱ्याकडे वळेल आणि नुकसान त्या खाणावळीचे होईल.