बाहेरचा चढाईपटू आणि बाकावरची पोरं

जत्रेच्या मोसमात भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कबड्डी मैदानाच्या कडेला उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘यंदा बाहेरचा गडी आणलाय, आता बघा.’ गडी म्हणजे चढाईपटू. पकडीला कुणी बाहेरून माणूस आणल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पैसे, फ्लेक्सवरचा फोटो, मोबाइलचे कॅमेरे, सगळं त्या एकासाठी. त्याच्यामुळे बाकावर गेलेला पोरगा पहिली पाळी उरकून वर्षभर सरावाला येत असतो.

माझं म्हणणं सरळ आहे : नव्या चढाईपटूने आक्रमण बदलतं, पण सुधारतंच असं नाही. पुष्कळदा ते आळशी होतं. तो बाद झाला की बाकीचे त्याला जिवंत करण्याची वाट बघत बसतात. दोन चढाया रिकाम्या घालवतात आणि तिसरी, करो या मरोची, कुणातरी बिचकलेल्याच्या गळ्यात मारतात. सगळा माल एकाच मशिनवरून गेला तर काय होतं, हे चाकणच्या लाइनवर उभं राहणाऱ्याला मी काय सांगावं?

प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर 2.60 कोटींहून जास्त ओतले. पवन खेळलाही, पण संघ तळाला राहिला. आपल्या पुणेरी पलटणने मोठी रक्कम, 2.35 कोटी, लावली ती मोहम्मदरेझा शादलूवर, म्हणजे डाव्या कोपऱ्यातल्या पकडीवर. चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. एक बसला की दुसरा तयार. 1 मार्च 2024 ला हरियाणा स्टीलर्सला 28-25 हरवून पलटणने पहिलं विजेतेपद घेतलं.

यावर उत्तर ठरलेलं असतं : पुढच्या हंगामात अस्लम जायबंदी झाला आणि पलटण बाद फेरीतही पोचली नाही, मग एका माणसाने फरक पडतोच ना? पडतो, कोण नाही म्हणतं! पण त्याच हंगामात शादलूही पलटणमध्ये नव्हता. तो हरियाणाकडे गेला होता, आणि 29 डिसेंबर 2024 ला आपल्याच बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला 32-23 हरवून चषक उचलला. हे मात्र कट्ट्यावर कुणी बोलत नाही. एक पकड झाली की आपला एक माणूस आत येतो. चढाईपटूला पुन्हा मैदानात आणणारा कोपरारक्षकच असतो.

तेव्हा मंडळांच्या कारभाऱ्यांना माझी मागणी आहे. बाहेरच्या गड्याला द्यायची रक्कम एक वर्ष मॅटसाठी आणि पकडीच्या प्रशिक्षकासाठी खर्च करा. आणि बाकावरच्या त्या पोराला साखळी सामन्यांत तरी तिसरी चढाई द्या. पकडला गेला तर जाऊ दे. पुढच्या सामन्यात परत त्यालाच पाठवा.