पोळ्याचे पाहुणे

पक्षी पाहायला जायचे ते थंडीत, अशी आपल्या इंदूरच्या जुन्या घरांतून पक्की समजूत आहे. डिसेंबर उजाडला की मफलर गुंडाळून आणि थर्मासमध्ये चहा भरून मंडळी सिरपूरच्या तळ्यावर हजर होतात, बदके मोजतात, आणि फेब्रुवारी सरता सरता दुर्बिणी पुन्हा कपाटात जातात. या समजुतीला माझा आक्षेप आहे. परदेशी पाहुण्यांची पहिली पंगत आपल्याकडे थंडीत नव्हे, पोळ्याच्या सुमारास बसते. तीही तळ्याच्या मध्यावर नव्हे, काठच्या चिखलात. आपण तेव्हा तिथे नसतो. म्हणून तो काठ बांधून काढताना आपला हात अडखळत नाही.

माझे आजोळ सौंसरचे. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात आता सौंसर येते. राज्य मध्यप्रदेशचे, कचेरीतली भाषा हिंदी. पण घरात आणि बाजारात मराठी, भोवती संत्र्यांचे बगीचे, आणि वर्षाचा मोठा सण पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते, हे वाचकांना ठाऊक असेलच. जाम नदीच्या पात्रात झेंडा लावलेले पळसाचे झाड रोवतात आणि ते मिळवण्यासाठी एका काठावरचे पांढुर्णेकर व दुसऱ्या काठावरचे सावरगावकर एकमेकांवर गोटे फेकतात. डोकी फुटतात, वर्तमानपत्रांत टीका होते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गोटमार होते. त्या वादात मी आज पडत नाही. मला सांगायचे आहे ते त्याच नदीवर आदल्या दिवशी पाहिलेल्या एका पाखराविषयी.

२०२५ साली पोळा २२ ऑगस्टला होता. सकाळी पाऊस थांबला होता. मामांबरोबर मी जामच्या काठी उभा होतो. पाणी थोडे ओसरून गोट्यांची एक पट्टी उघडी पडली होती, आणि तिच्यावर मुठीएवढे एक तपकिरी पाखरू शेपूट वरखाली हलवीत एकटेच हिंडत होते. मी दुर्बीण लावलेली पाहून मामा म्हणाले, “काय पाहून रायला रे गोट्यांत? पाखरं तं हिवाळ्यात येतेत!” एवढ्यात ते ‘टी-टी-टी’ करीत, पंख ताठ धरून, पाण्याला जवळजवळ चिकटून पलीकडे गेले. ती तुतारी होती. हिमालयाच्या किंवा त्याही पलीकडच्या एखाद्या ओढ्याकाठी जूनमध्ये अंडी उबवून झाली, की ही मंडळी जुलै-ऑगस्टमध्येच आपल्याकडे उतरू लागतात.

इतकी घाई कशासाठी? उत्तरेकडचा उन्हाळा आखूड असतो. विणीचे काम उरकले की तिथे थांबण्यात अर्थ नसतो. तुतारीच्या कुळात पुष्कळदा आईबाप आधी निघतात आणि त्या वर्षीची पिले मागाहून, वाट कधीही न पाहिलेली अशी, आपली आपण येतात. हिरवी तुतारी तर चिखलातला पक्षी असूनही झाडावर, कस्तुराच्या जुन्या घरट्यात अंडी घालते. अशा घरट्यातून जूनमध्ये उडी टाकलेले पिलू दोन-तीन महिन्यांत आपल्या गावच्या डबक्यापाशी उभे असते, आणि आपण त्याच्या शेजारून बैल धुऊन घरी जातो!

त्यांना शोधणे अवघड नाही. भाद्रपदात नदी भरून वाहत असेल तर तिचा नाद सोडावा आणि गावतळ्याच्या ज्या बाजूला गुरे उतरतात तिथे जावे. खुरांनी तुडवलेल्या चिखलात किडे वर येतात, तिथे हमखास कोणीतरी असते. पाणी ओसरले की जाम आणि कन्हान यांच्या पात्रांतल्या गोट्यांच्या पट्ट्या पाहाव्यात. उडताना वरून काळी दिसणारी आणि शेपटीच्या मुळाशी लख्ख पांढरी, ती हिरवी तुतारी. पाठीवर ठिपके आणि डोळ्यावर फिकट भुवई, ती ठिपकेवाली. डोळ्याभोवती पिवळे कडे, छातीवर काळा पट्टा आणि चार पावले धावून एकदम थबकणारा, तो कंठेरी चिखल्या. हा आपल्याकडेही घर करतो, उघड्या गोट्यांतच. थव्याची अपेक्षा मात्र करू नये; एक-दोनच दिसतील.

आता मूळ तक्रार. अलास्कातून निघालेला एक पाणटिवळा २०२२ साली ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून, मध्ये कुठेही न उतरता टास्मानियाला पोहोचला. तशी छाती सर्वांची नसते. आपल्याकडे येणाऱ्यांना वाटेत उतरावे लागते, आणि उतरायला लागतो तो बोटभर पाण्याचा, चिखलाचा, उतरता काठ. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली जो अहवाल निघाला, त्यात दूरदेशाहून येणाऱ्या पक्ष्यांची घट इथल्या रहिवाशांपेक्षा जास्त दिसते. असे असता आपण तळ्याचे ‘सौंदर्यीकरण’ करतो म्हणजे काय करतो? चारी बाजूंनी दगड-सिमेंट चढवतो, फिरायला रस्ता करतो, पाणी काठोकाठ भरतो. बदकांना ते चालते; तुतारीला उभे राहायला जागा उरत नाही.

कोणी म्हणेल, चिखल ठेवला तर डास होतील, बायामाणसांनी धुणे कुठे धुवायचे, गणपती कुठे बुडवायचे? प्रश्न रास्त आहेत. घाट जरूर बांधावा, पण एका बाजूला. उरलेल्या काठाचा निदान एक भाग उतरता, कच्चा राहू द्यावा. त्यासाठी पैसा लागत नाही, उलट वाचतो. होळकरांच्या काळचे सिरपूर आणि यशवंत सागर २०२२ साली रामसर यादीत गेले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण पांढुर्णा-सौंसरकडच्या गावतळ्याला असली यादी कुठली मिळायची? त्याला गावच हवे.

तेव्हा यंदा पोळ्याला ज्यांचे आजोळ, सासर वा शेत त्या बाजूला आहे त्यांनी दुर्बीण बरोबर न्यावी, आणि जे दिसेल ते तारखेसह वहीत टिपून ठेवावे. उद्या काठ बांधण्याची गोष्ट निघाली, तर ग्रामसभेपुढे ठेवायला तेवढी वही उपयोगी पडेल. मामांनीही गेल्या पोळ्यापासून एक वही केली आहे. तिच्यात पहिली नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली: “एक तुतारी. हिवाळा नव्हता.”