एक कोरे पान

ती. अण्णांनी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी वहीत लिहून ठेवल्या होत्या. खडकवासल्याच्या घरी बसून मी त्या संगणकावर उतरवल्या. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून एंटरची कळ बडवत गेलो. (मराठीचा प्राध्यापक, दुसरे काय करणार!)

मग ‘मंगल’ टंक बदलून ‘कोकिला’ घेतला मात्र, ओळींची उंची घटली आणि सारी प्रकरणे वर सरकली. खडकवासल्याचे धरण फुटल्याचा मथळा आधीच्या पानाच्या तळाशी लोंबू लागला!

कन्येने परिच्छेदखुणा उघड्या करून दाखवल्या: सत्तावीस रिकाम्या ओळी! त्या पुसून कंट्रोल-एंटरने पेज ब्रेक घातले. आता टंक कोणताही घ्या, नवे प्रकरण नव्या पानावरच सुरू होते.

अण्णांच्या वहीत मात्र त्या दिवसानंतर एक पान कोरे होते. तेवढ्यासाठी एक पेज ब्रेक जादा घातला आहे.