मानेचे ट्रॅक्शन : दाराला कप्पी लावण्याआधी

मान आखडली, कळ खांद्यातून हातात उतरली, की ओळखीचे कुणीतरी हमखास सुचवते, 'ट्रॅक्शन लावून बघा.' रायपूरमध्ये मे महिन्याच्या उन्हात रोज फिजिओथेरपीसाठी रुग्णालय गाठायचे, तर गृहिणीची अख्खी दुपार जाते. मग दारावर अडकवायची कप्पी, दोरी, हनुवटी व डोक्यामागून बसणारा पट्टा आणि पाण्याची पिशवी असा संच घरी येतो. साधन उपयोगी आहे; पण शेकायच्या पिशवीसारखे ते घरातल्या कुणीही वापरावे असे नाही.

फायदा कोणाला?

मणक्यांमधील जागा किंचित वाढून दबलेल्या नसेवरचा ताण कमी व्हावा, हा ट्रॅक्शनचा हेतू. त्यामुळे नस दबून हातात कळ किंवा मुंग्या येत असतील, तर त्याचा उपयोग होऊ शकतो. सतत वाकून काम केल्याने किंवा उंच उशीमुळे नुसते स्नायू आखडले असतील, तर बहुधा शेक आणि व्यायामच पुरतो. 2014 मध्ये अमेरिकेत नस दबलेल्या 86 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या व्यायामापेक्षा व्यायामाच्या जोडीला यंत्रावरचे ट्रॅक्शन अधिक गुणकारी ठरले. दारावरच्या साधनाचा लाभ त्यामानाने कमी होता. म्हणजे ट्रॅक्शन घेतले तरी व्यायाम सुटत नाही.

कोणी टाळावे?

हाडे ठिसूळ झालेली, संधिवात, मानेला मार, जंतुसंसर्ग किंवा गाठ असेल, तर ट्रॅक्शन घेऊ नये. ब्लाउजचे हुक लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

घरी घेताना

● वजन, कोन आणि वेळ फिजिओथेरपिस्टकडून ठरवून, कागदावर लिहून घ्या.

● पिशवीवरील खुणा अनेकदा पौंडात असतात. 10 पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो. एक लिटर पाणी एक किलो भरते.

● दाराला आतून कडी लावा. बहुतेक संचांत तोंड दाराकडे करून बसायचे असते, म्हणजे मान किंचित पुढे झुकते.

● ताण हनुवटीपेक्षा डोक्याच्या मागच्या बाजूवर यायला हवा. जबडा दुखला तर पट्टा चुकीचा बसला आहे.

● वजन हळूहळू उतरवा, लगेच उठू नका.

● चक्कर आली, हातातली कळ किंवा मुंग्या वाढल्या, तर तिथेच थांबा.

रायपूरमध्ये 2012 पासून एम्स आहे, मेकाहारा म्हणून ओळखले जाणारे डॉ. आंबेडकर रुग्णालयही आहे. अशा ठिकाणी एकदा तपासणी करून पद्धत शिकून घेतली, तर रोजची खेप वाचू शकते. मात्र सुनेसाठी आणलेला पट्टा सासूबाईंनी परस्पर लावू नये. दुखणे दोघींचे सारखे वाटले, तरी हाडे सारखी नसतात.