‘ए समरी’ पाठवण्याआधी

वर्षानुवर्षे बासनात पडलेला खुनाचा गुन्हा पुन्हा उघडला, की बचाव पक्ष पहिली हरकत घेतो ती उशिराने पुढे आलेल्या साक्षीदारावर. एवढ्या काळानंतर त्याची साक्ष ग्राह्यच धरू नये, असा युक्तिवाद होतो. आमच्या मते तो टिकत नाही. प्रश्न समजून नीट उत्तर देऊ शकणारा माणूस साक्ष द्यायला सक्षम असतो. उशिरामुळे त्याची विश्वासार्हता डागाळेल. त्यासाठी उलटतपासणी आहेच.

केरळचा सिस्टर अभया खटला आठवावा. 27 मार्च 1992 रोजी कोट्टायममधल्या कॉन्व्हेंटच्या विहिरीत तिचा मृतदेह सापडला. स्थानिक पोलिसांनी आणि क्राइम ब्रँचने आत्महत्या ठरवली. नंतर सीबीआयनेही तपास बंद करण्याची परवानगी वारंवार मागितली आणि न्यायालयाने ती नाकारली. अटक झाली 2008 मध्ये, शिक्षा डिसेंबर 2020 मध्ये. सरकार पक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता एक चोर, त्या रात्री वीजरोधकाचे तांबे चोरायला आवारात शिरलेला! विशेष न्यायालयाने त्याच्यावर विश्वास ठेवला. जून 2022 मध्ये उच्च न्यायालयाने अपिलाच्या निकालापर्यंत शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. म्हणजे पुराव्याच्या वजनाचा वाद संपलेला नाही. पण साक्षीदार चोर आहे म्हणून पिंजऱ्याबाहेर राहिला नाही, हे महत्त्वाचे.

खरी अडचण हयात नसलेल्या साक्षीदाराची. पोलिसांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 161 (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 180) खाली घेतलेला त्याचा जबाब पुरावा म्हणून वाचता येत नाही; मृत्युपूर्व जबाबाचा अपवाद मयताच्या स्वतःच्या मृत्यूबाबतच्या कथनापुरता. दंडाधिकाऱ्यांपुढचा 164 चा जबाबही मूळ पुरावा नव्हे. प्रत्यक्षदर्शीने 20 वर्षांपूर्वी सगळे सांगितले, कागदही फायलीत शाबूत आहे, आणि तो न्यायाधीशांसमोर वाचता येत नाही.

यावर कायद्यातच तोड आहे, पण ती फारशी कुणी वापरत नाही. जुन्या संहितेचे कलम 299(2), आता 335(2). मृत्युदंड किंवा जन्मठेपेचा गुन्हा अज्ञात इसमाने केल्याचे दिसत असेल, तर उच्च न्यायालय किंवा सत्र न्यायाधीश प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांना चौकशी करून साक्षी नोंदवायला सांगू शकतात. पुढे आरोपी सापडला आणि तोवर साक्षीदार वारला, साक्ष द्यायला असमर्थ झाला किंवा भारताबाहेर असला, तर ती साक्ष त्या आरोपीविरुद्ध वाचता येते. आरोपीच नसल्याने उलटतपासणी झालेली नसते, हा दोष उरतोच. म्हणून दंडाधिकाऱ्यांनी अंतर, उजेड, ओळख यांवर स्वतःच बारकाईने प्रश्न विचारायला हवेत.

जाता जाता एक इशारा. नवे कायदे लागू झाले त्या 1 जुलै 2024 रोजी प्रलंबित असलेल्या तपासाला 1872 चाच पुरावा कायदा लागू राहतो. ‘ए समरी’ (आरोपी न सापडल्याने तपास बंद करण्याचा अहवाल) मंजूर झालेला तपास त्या दिवशी प्रलंबित होता का, यावर वाद होणारच. दोन्ही बाजूंनी तो पहिल्याच तारखेला उपस्थित करावा.

तपास अधिकारी आणि सरकारी वकील यांना आमची विनंती आहे: खुनाच्या गुन्ह्यात ‘गुन्हा खरा, आरोपी मिळून येत नाही’ असा शेरा मारून समरी पाठवण्याआधी वृद्ध, आजारी आणि परदेशी निघालेल्या साक्षीदारांची यादी करा आणि 335(2) खाली सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करा.