गुंडाळता येणारा पडदा आणि न दिसणारी तार

कोलकात्याच्या पूर्वेकडे वसविलेल्या न्यू टाउन या नियोजित नगरातून संध्याकाळी जाऊ लागले म्हणजे रुंद हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंस काचमय इमारती उजळलेल्या दिसतात. त्यांतील कचेऱ्यांत असंख्य माणसे पडद्यासमोर बसून संगणकाच्या आज्ञावली लिहीत असतात. आज्ञावली येथली आणि ती रचणारी बुद्धीही येथलीच. परंतु ज्यावर ती उमटते तो पडदा कशाचा बनतो, आणि तो आपणांस बनविता येईल काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो विचारण्याची वेळ आता आली आहे, कारण पडद्याची जातच बदलू लागली आहे.

१९८७ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीच्या टँग आणि व्हॅन स्लाइक या संशोधकांनी कार्बनी संयुगांच्या अतिशय पातळ थरांतून विजेच्या साहाय्याने प्रकाश मिळविला. हे सर्व थर मिळूनही शंभर-दोनशे नॅनोमीटर भरतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. इतका पातळ थर काचेऐवजी प्लॅस्टिकवर देता येतो, म्हणून पडदा वाकविता येतो. घडीचे दूरध्वनी याच तत्त्वावर चालतात. तथापि शाळेच्या फळ्याएवढा, चटईप्रमाणे गुंडाळून काखोटीस मारता येईल आणि खेड्यातल्या शाळेलाही परवडेल असा पडदा अद्याप दूरच आहे.

अडचण कोठे आहे? ज्या बाजूने प्रकाश बाहेर पडावयाचा, त्याच बाजूने वीजही पोचवावी लागते. धातू वीज वाहून नेतो, पण प्रकाश अडवितो. काच प्रकाश सोडते, पण वीज अडविते. इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडांचा लेप ही दोन्ही कामे करतो, आणि म्हणून आजच्या बहुतेक पडद्यांवर तोच असतो. परंतु तो काचेसारखाच ठिसूळ आहे.

‘लवचीक’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. वाकणे वेगळे आणि ताणणे वेगळे, असे आपण समजतो. वस्तुतः वाकलेल्या पदार्थाची बाहेरची बाजू ताणलीच जाते. ०.१ मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा ५ मिलिमीटर त्रिज्येच्या दांडीभोवती गुंडाळला, तर त्याचा बाह्य पृष्ठभाग शेकडा १ इतका ताणला जातो. हा लेप शेकडा १ ते २ इतक्या ताणालाच तडकू लागतो. शिवाय पडदा जितका मोठा, तितका विजेचा मार्ग लांब व विरोध अधिक. मग कडा उजळ आणि मध्यभाग मंद, अशी स्थिती होते. तेव्हा मोठ्या लवचीक पडद्याचा खरा प्रश्न चित्राचा नसून न दिसणाऱ्या तारेचा आहे.

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर आपल्याच देशात निघाले आहे. बंगळूर येथील जी. यू. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली एक रीत प्रसिद्ध केली. प्लॅस्टिकवर किंवा काचेवर एक द्रव पसरावयाचा. तो वाळताना, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा, त्यास परस्परांना जोडलेल्या भेगा पडतात. त्या भेगांत धातूचा अतिशय पातळ थर बसवून उरलेला लेप धुऊन काढला, की धातूची अखंड जाळी शिल्लक राहते. तिच्या रेषा इतक्या बारीक असतात की डोळ्यांस सहज दिसत नाहीत. प्रकाश मधल्या मोकळ्या जागेतून जातो व वीज रेषांतून. भेग हा सामान्यतः दोष. येथे तोच साचा झाला.

अर्थात एवढ्याने काम संपले असे नाही. जाळीचे उंचवटे वरच्या नाजूक थरांस भेदू शकतात, आणि हवेतील बाष्पापासून त्या थरांचे रक्षण करणेही कठीण असते. प्रयोगशाळेतील तुकडा आणि कारखान्यातील लांब गुंडाळी यांत मोठे अंतर आहे. माझा आग्रह त्याच अंतराविषयी आहे.

यापूर्वीचा एक अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. एस. चंद्रशेखर हे पदार्थवैज्ञानिक १९३० साली कोलकात्यात जन्मले आणि १९५१ साली नागपूर विद्यापीठातून एम. एस्सी. झाले. १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. पुढे बाजूने पाहिले असतानाही पडद्यावरील चित्र स्पष्ट दिसावे म्हणून अशाच रेणूंचा पापुद्रा वापरात आला. परंतु तो बनविला जपानच्या फुजी कंपनीने. यात जपानचा दोष मुळीच नाही. शोध आणि वस्तू यांमधला पूल त्यांनी बांधला, आपण बांधला नाही, इतकेच.

कोणी म्हणेल, तयार कारखानाच परदेशातून आणावा. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक व पडदे यांच्या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मोठे कारखाने अवश्य यावेत. परंतु विकत आणलेला कारखाना कालचा पडदा करील. उद्याच्या पडद्याचे द्रव्य अद्याप ठरावयाचे आहे, आणि जेथे काही ठरलेले नाही तेथे मागून येणाऱ्यासही जागा असते. त्यासाठी लहान प्रायोगिक कारखाने हवेत, जेथे संशोधक, रसायनतज्ज्ञ आणि कारागीर एकाच यंत्रापाशी उभे राहतील. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत लवचीक इलेक्ट्रॉनिकीचे राष्ट्रीय केंद्र आहे. तसे प्रयत्न अन्यत्रही व्हावेत. न्यू टाउनच्या शेजारीच, विधाननगरात, १९८६ साली स्थापन झालेले सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्र आहे. विज्ञान आणि उद्योग इतके जवळ असूनही त्यांच्यात असा पूल नसावा, ही गोष्ट शोभणारी नाही.

शाळेतल्या मुलांनी वाळलेल्या गाळाच्या भेगा अवश्य निरखून पाहाव्यात. त्या भेगांतून गुंडाळता येणारा पडदा निघू शकतो, हे विज्ञानाने दाखविले आहे. तो आपल्या शाळेच्या भिंतीवर आपल्या कारखान्यातून यावा, हे मात्र आपल्याच निश्चयावर अवलंबून आहे.