थर्मोस्टॅट जिवाणूत, पाकीट उन्हात!

चंद्रपूरच्या उन्हाळ्यावर आपण होस्टेलवाले वर्षभर बोलू शकतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कूलरसमोरच्या जागेवरून भांडणं ठरलेली! पण याच दिवसांत एखाद्या दुकानाच्या तापलेल्या पत्र्याखाली रायझोबियमची पाकिटंही पडलेली असतात. त्यांच्या बाजूने कोण भांडणार?

वरोरा-भद्रावतीकडे सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला हे जिवाणू खत लावतात. जिवाणू मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात.

सोयाबीनच्या या जिवाणूत, म्हणजे ब्रॅडीरायझोबियम जपोनिकममध्ये, एक गंमत आहे. उष्णतेपासून वाचवणाऱ्या काही प्रथिनांचा संदेश ज्या आरएनएवर असतो, त्याचं सुरुवातीचं टोक स्वतःवरच दुमडलेलं असतं. 30 अंशांच्या आसपास ही घडी मिटलेली. रायबोसोमला बसायला जागाच नाही, त्यामुळे प्रथिन बनत नाही. तापमान 40 च्या वर गेलं की घडी सैल होते, रायबोसोम बसतो आणि प्रथिन बनू लागतं. सेन्सर तोच, स्विचही तोच! शास्त्रज्ञ या घडीला 'रोझ' म्हणतात.

पण ही सोय उष्णतेचा तडाखा सोसण्यापुरती आहे, आठवडेच्या आठवडे भट्टीत बसण्यासाठी नाही. 2006 मध्ये जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली. पावडरच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत. कारखान्यातून निघताना असतीलही. शेतकऱ्याच्या हाती पोचताना किती उरतात? मुळांवर गाठी दिसल्या नाहीत की आपण खताला नावं ठेवतो. पत्र्याला कुणी विचारत नाही.

म्हणूनच वाटतं, हा प्रश्न फक्त कृषीवाल्यांचा नाही, आपलाही आहे. माठाच्या तत्त्वावर स्वस्त पेटी बनवता येईल. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ती चालेल, पण जूनमध्ये हवा दमट झाली की कमी पडेल. आणि पेरणीची घाई नेमकी तेव्हाच! खरं डिझाइन इथून सुरू होतं.

बाहेरून तयार प्रोजेक्ट विकत आणून व्हायवा मारून नेण्यापेक्षा, फायनल इयरवाल्यांनो, या मे महिन्यात एखाद्या दुकानात नुसता थर्मामीटर ठेवून बघा. रोजचे आकडे घेऊन या. मग बोलू!